मागच्या दारचा दिवा

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस आईचा गावाहून फोन आला. "मागच्या दारचा दिवा बटण बंद केलं तरी पुरता विझत नाही रे. काजव्यासारखा मिणमिणत राहतो. रात्री उठून बघितलं की दचकायलाच होतं." आमचं घर संगमेश्वर तालुक्यातलं, जांभ्याच्या भिंतींचं, कौलारू. मागच्या दाराला पडवी, पडवी उतरून दहाएक पावलांवर न्हाणी आणि तिच्या पुढे विहीर. रात्री-अपरात्री त्या वाटेवर साप-विंचू दिसावा म्हणून तीन वर्षांपूर्वी न्हाणीच्या भिंतीवर एक दिवा वाढवला होता. आई म्हणत होती तो हाच.

तिला वाटलं बल्ब बिघडला. तिने नवा आणून लावला, तर तोही तसाच मिणमिणायला लागला. त्या मिणमिणण्याचा माग काढत गेलो तेव्हा घराच्या वायरिंगबद्दल जे कळलं, ते बाहेर दिवा वाढवायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दिवा वाढवला कसा होता ते. पडवीत साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब होता. त्याच्या होल्डरमधल्या दोन वायरींना आणखी दोन वायरी पिळून जोडल्या, वर काळी टेप गुंडाळली आणि वायर वळचणीखालून खिळ्यांच्या आधाराने न्हाणीपर्यंत नेली. अर्ध्या तासाचं काम. बटण दाबलं की पडवीतला आणि न्हाणीवरचा असे दोन्ही दिवे एकदम लागत. असंख्य घरांत बाहेरचा दिवा असाच वाढवलेला असतो, आणि तो लागतोही. त्यामुळे त्यात काही चुकलंय अशी शंका कुणाला येत नाही.

दोन्ही दिवे एकदम का लागत, हे समजून घेतलं की पुढचं बरंच सोपं होतं. खांबावरून घरात दोन तारा येतात, फेज आणि न्यूट्रल. न्यूट्रल ही डीपीपाशी जमिनीला जोडलेली असते, त्यामुळे तिच्यात आणि आपण उभे असतो त्या जमिनीत फारसा फरक नसतो. फेजवर मात्र जमिनीच्या मानाने २३० व्होल्टचा दाब असतो आणि तो सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होतो. फेजने आलेली वीज दिव्यातून जाऊन न्यूट्रलने परत फिरली की दिवा लागतो. बटणाचं काम ही वाट तोडण्याचं. ती कुठेही तोडली तरी दिवा विझेल, पण ती फेजवरच तोडायची असा नियम आहे, कारण मग बटण बंद असताना फेज होल्डरपर्यंत पोचतच नाही.

आपल्याकडच्या नेहमीच्या वायरिंगमध्ये फेज बोर्डात येते, एका बटणावरून दुसऱ्या बटणावर फिरते आणि प्रत्येक बटणातून एकेक तार आपापल्या दिव्याकडे जाते. न्यूट्रलला बोर्डात काही काम नसतं. ती वरच्यावर, या दिव्याकडून त्या दिव्याकडे जाते. म्हणजे पडवीतल्या होल्डरमध्ये येणारी फेज ही बटणातून गाळून आलेली असते. तिथून वायर पुढे नेली तर नवा दिवा त्याच बटणाचा गुलाम होतो. नव्या दिव्याला स्वतःचं बटण हवं असेल तर फेज बोर्डातून घ्यावी लागते आणि न्यूट्रल कुठून आणायची हा प्रश्न उभा राहतो. बोर्डावर प्लग असेल तर न्यूट्रल आणि अर्थिंग दोन्ही तिथेच मिळतात. नुसतीच बटणं असतील तर न्यूट्रल शोधत फिरावं लागतं, आणि कंटाळा येऊन लोक होल्डरमधून जोड घेतात. आमच्या मागच्या दाराच्या बोर्डावर दोन बटणं होती, प्लग नव्हता.

मी गावी पोचलो त्याच संध्याकाळी आमच्याकडचे जुने वायरमन काका आले. त्यांच्या प्रमाणपत्रावर 'तारतंत्री' असा सरकारी शब्द आहे, पण गावात त्यांना सगळे वायरमनच म्हणतात. त्यांनी आधी काही न उघडता आईला विचारलं, "वहिनी, हे मिणमिणणं कधीपासून?" आई म्हणाली, "पडवीतला पिवळा बल्ब उडाला, तिथे हा पांढरा लावला, तेव्हापासून." काकांनी मान हलवली. बटण बंद करून पडवीतला आणि न्हाणीवरचा असे दोन्ही बल्ब काढले, आणि होल्डरच्या एकेका पिनेला टेस्टर लावला. बटण बंद, बल्ब नाही, तरी एका पिनेवर टेस्टरमधला नारिंगी दिवा लागला. "बटण न्यूट्रलवर आहे," ते म्हणाले. "किती वर्षं असेल कोण जाणे."

म्हणजे आजवर बटण बंद केल्यावर विझत होता तो फक्त दिवा. होल्डर दिवसरात्र जिवंतच होता. आई त्याच पडवीत लाकडी स्टुलावर चढून, बटण बंद आहे या भरवशावर, किती वेळा बल्ब बदलत आली असेल याचा विचार मला त्या रात्री झोप लागेपर्यंत सोडत नव्हता.

पण मग तीन वर्षं दिवा मिणमिणला का नाही? मला हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत शिकवणारा भाग वाटतो. बटण न्यूट्रलवर असलं की फेज दिव्यातून पार होऊन बंद बटणापर्यंत येऊन थांबते. ती मधली तार भिंतीलगत, इतर तारांच्या शेजारून जाते. दोन तारा शेजारी असल्या की त्या एखाद्या लहानशा कपॅसिटरसारख्या वागतात आणि त्यांच्यात किंचितसा प्रवाह सरकत राहतो. ओल असेल तर त्यात आणखी भर पडते. हा प्रवाह इतका थोडा की जुन्या बल्बच्या तारेला त्याची ऊबही लागणार नाही. एलईडी बल्बाच्या आत मात्र एक छोटं सर्किट असतं. ते थेंब थेंब वीज साठवतं आणि पुरेशी साठली की उजळतं. म्हणून तो मिणमिणतो किंवा मधूनमधून लुकलुकतो. पडवीतला साठ वॅटचा बल्ब न्हाणीवरच्या एलईडीला समांतर जोडलेला होता. थंड असताना त्याच्या तारेचा रोध जेमतेम साठ-सत्तर ओहम. तो चोरटा प्रवाह त्या सोप्या वाटेने निघून जायचा, एलईडीच्या वाट्याला काही उरायचं नाही. पिवळा बल्ब उडाला, तिथेही एलईडी आला, आणि इतकी वर्षं झाकलेली चूक उजेडात आली.

प्रत्येक मिणमिणणाऱ्या एलईडीमागे हेच कारण असतं असं नाही. बटणाला बारीक लाल इंडिकेटर असेल, किंवा बटणाकडे जाणारी वायर लांबच लांब असेल, तर सगळं बरोबर असूनही दिवा मिणमिणतो. पण आधी शंका घ्यावी ती बटणाचीच, आणि खात्री होईपर्यंत त्या होल्डरला हात लावू नये.

टेस्टरबद्दलही इथेच सांगायला हवं, कारण घरोघरी त्याच्यावर फार विश्वास. टेस्टरमधला निऑनचा दिवा लागतो तो आपल्या अंगातून अगदी नगण्य प्रवाह जमिनीकडे जातो म्हणून. न्यूट्रल कुठे तुटली असेल तर टेस्टर दोन्ही बाजूंना लागतो, कारण फेज दिव्यातून फिरून दुसऱ्या तारेवरही आलेली असते. वायरमन मंडळी त्याला 'रिटर्न येतोय' म्हणतात. पायात जाड रबरी चप्पल असेल, उजेड फार असेल, तर लागलेला टेस्टरही दिसत नाही. टेस्टर लागला तर तार जिवंतच धरावी, पण लागला नाही म्हणून ती मेलेली समजू नये. इन्व्हर्टर असलेल्या घरांत आणखी एक फसगत होते. मेन स्विच पाडला की घर मेलं असं आपण धरतो, पण त्याच क्षणी इन्व्हर्टर जागा होतो आणि दिव्यांच्या, पंख्यांच्या वायरी पुन्हा जिवंत करतो. बाहेरचा दिवा हमखास इन्व्हर्टरवरच घेतलेला असतो. तेव्हा काम करण्याआधी मेन आणि इन्व्हर्टर, दोन्ही बंद झाले आहेत ना हे बघायलाच हवं.

आता दिवा वाढवण्याच्या मूळ प्रश्नाकडे. बहुतेक जण पहिली काळजी करतात ती लोडची. 'जुन्या वायरिंगला झेपेल का?' दहा वॅटच्या एलईडीला लागणारा प्रवाह एका अँपिअरच्या दहाव्या भागाहून कमी. दिव्यांच्या एका सर्किटवर दहा पॉइंट किंवा ८०० वॅट हा आपल्याकडचा जुना ठोकताळा, म्हणजे सुमारे साडेतीन अँपिअर. पूर्वी साठ-शंभर वॅटचे बल्ब असलेलं सर्किट आता एलईडीमुळे जवळजवळ रिकामंच असतं. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर दहा मीटर लांब नेली तर एवढ्याशा दिव्यासाठी तिच्यात एका व्होल्टचा दहावा भागसुद्धा गळत नाही. रात्रभर, रोज बारा तास लावला तरी महिन्याला साडेतीन युनिटांच्या आसपास. लोडची चिंता इथे करायचं कारण नाही.

चिंता करायची ती पावसाची. घरातलं वायरिंग चार भिंतींच्या आत, कोरडं असतं. दिवा बाहेर नेला की तेच वायरिंग पावसात जातं. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जांभा स्पंजासारखा पाणी पितो आणि जुलैत भिंती हाताला गार-ओल्या लागतात. टेपचा जोड दोन उन्हाळ्यांत सुटतो, गोंद वितळून चिकट काळा राप तेवढा राहतो. आमचा न्हाणीवरचा जोड काकांनी उघडला तेव्हा टेप बोटाने लोटताच निघाली. आत तांब्यावर हिरवा थर चढला होता आणि प्लॅस्टिकचं कवच उन्हाने इतकं कडक झालं होतं की वाकवताच त्याचे तुकडे पडले. त्या जोडापासून वीतभर अंतरावर कपडे वाळत घालायची लोखंडी तार बांधलेली होती.

पावसाळ्यात ओले कपडे तारेवर टाकताना शॉक लागून बाई गेली, तिला सोडवायला गेलेला मुलगाही गेला, अशी बातमी महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत जवळजवळ दर वर्षी येते. शॉक लागून देशभरात वर्षाला दहा हजारांहून अधिक माणसं मरतात. त्यातल्या घरगुती अपघातांचं कारण फार मोठं नसतं. कुठेतरी सोललेली वायर, तिला टेकलेला पत्रा किंवा तार, आणि ओल्या जमिनीवरचे अनवाणी पाय.

'फ्यूज आहे, एमसीबी आहे, तो पडेल की,' असं आपण म्हणतो. हिशेब करून बघू. ओल्या अंगाचा रोध साधारण एक हजार ओहम धरा. २३० व्होल्टला त्यातून सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहील, म्हणजे पाव अँपिअरहूनही कमी. दिव्यांच्या सर्किटचा एमसीबी असतो ६ अँपिअरचा. दहा वॅटचे पाच दिवे नव्याने लावावेत तसं त्याला ते वाटतं, आणि तो पडत नाही. पण हृदयाची लय बिघडवायला शंभर मिलिअँपिअरच्या आतला प्रवाहही पुरतो. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डॅलझिएल यांनी स्वयंसेवकांवर काळजीपूर्वक प्रयोग करून माणूस हातातली जिवंत तार आपल्या इच्छेने कितीपर्यंत सोडू शकतो हे मोजलं होतं. पुरुषांची सरासरी सुमारे १६ मिलिअँपिअर, स्त्रियांची साडेदहा. त्यापुढे स्नायू आवळतात आणि हात तारेला चिकटून राहतो. एमसीबी आणि फ्यूज वायरीला आगीपासून वाचवायला आहेत. माणसाला वाचवणं हे त्यांचं काम नाही.

ते काम आरसीसीबीचं. डॅलझिएल यांनीच १९६१ च्या सुमारास अमेरिकेत अशा प्रकारचं उपकरण पुढे आणलं. त्याची कल्पना इतकी सुरेख आहे की मला ती कुणालाही समजावून सांगायला आवडतं. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एका लोखंडी कड्यातून नेलेल्या असतात. जेवढी वीज फेजने गेली तेवढीच न्यूट्रलने परत आली तर दोघींचं चुंबकत्व एकमेकींना पुसून टाकतं आणि कडं शांत राहतं. कुणाच्या अंगातून थोडी जमिनीत गेली तर परत येणारी कमी पडते, हिशेब जुळत नाही, कड्यात चुंबकत्व उरतं आणि त्याच्यावर गुंडाळलेली तिसरी तार खटका पाडते. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची असते. तेवढी वीज गळली तर ती ०.३ सेकंदात पडते आणि त्याच्या पाचपट गळली तर ०.०४ सेकंदात. हृदयाचा एक ठोका पाऊण सेकंदाचा असतो. शॉक बसतो, पण माणूस वाचतो. एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल दोन्हींना हात लागला आणि जमिनीकडे काही गेलं नाही तर मात्र हिशेब जुळतो आणि ती पडत नाही, हेही लक्षात ठेवावं.

मग अर्थिंग कशाला? कारण अर्थिंग असेल तर दिव्याच्या धातूच्या कवचाला फेज लागताक्षणी वीज हिरव्या तारेने जमिनीत जाते आणि कुणी हात लावायच्या आधीच आरसीसीबी पडते. आणि अर्थिंग असलं म्हणजे आरसीसीबी नको, असं निदान आमच्या भागात तरी म्हणता येत नाही. मीठ-कोळसा घालून केलेला अर्थिंगचा खड्डा जांभ्यात उन्हाळ्यात कोरडा पडला की त्याचा रोध सहज चाळीस ओहमवर जाऊ शकतो. २३० ला ४० ने भागा, पावणेसहा अँपिअर. सहा अँपिअरचा एमसीबी हे तासन्‌तास सहन करील आणि दिव्याचं कवच जिवंतच राहील. म्हणून दोन्ही हवीत. न्यूट्रललाच अर्थिंग समजून हिरवी तार तिला जोडायची पद्धत तर अघोरी आहे. न्यूट्रल कुठे तुटली की कवचावर थेट फेज येते.

माझं मत एवढ्या अनुभवावरून पक्कं झालं आहे. बाहेरचा दिवा घ्यायला दुकानात जाण्याआधी घराच्या मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे का ते बघावं, नसेल तर पैसे आधी तिच्यावर खर्च करावेत. दिवा चार-सहा महिने थांबला तरी चालेल.

आमच्याकडे ती नव्हती. चिनी मातीचे दोन जुने किटकॅट फ्यूज होते, एक फेजला आणि एक न्यूट्रलला. पूर्वी तशी रीत होती. न्यूट्रलचा फ्यूज उडाला तर घरात अंधार होतो आणि सगळी वायरिंग मात्र जिवंत राहते, म्हणून आता न्यूट्रलला फ्यूज ठेवत नाहीत. काकांनी ते काढून आरसीसीबी आणि तिच्यापुढे एमसीबी बसवले, आणि मागच्या दाराच्या सर्किटची फेज-न्यूट्रलची अदलाबदल जोडपेटीत सापडली ती सरळ केली. दोन्ही वायरी एकाच रंगाच्या होत्या. आता फेजला लाल, न्यूट्रलला काळी आणि अर्थिंगला हिरवी वापरतात, पण जुन्या घरात रंगावर जाऊ नये.

नवी आरसीसीबी संध्याकाळी विहिरीवरचा पंप लावताच पडली. उचलली, पुन्हा पडली. आई म्हणाली, "त्या पंपाला हात लावला की मुंग्या येतात, दोन वर्षं झाली. चप्पल घालून लावला की येत नाहीत." दोन वर्षं आमच्या घरातला प्रत्येक जण चप्पल घालून पंप लावत होता आणि त्यात काही गैर आहे असं कुणाला वाटलं नव्हतं. पंपाची वाइंडिंग ओलीने खराब झाली होती. शोधायला गेलो दिव्यातला दोष आणि सापडला हा.

नव्या दिव्याचं काम मग दुसऱ्या दिवशी नीट झालं. बोर्डात तिसरं बटण बसलं. न्यूट्रल त्याच सर्किटच्या जोडपेटीतून आणली, शेजारच्या खोलीतून नाही. हे महत्त्वाचं आहे. फेज एका सर्किटची आणि न्यूट्रल दुसऱ्याची घेतली आणि त्यातलं एकच आरसीसीबीमधून जात असेल, तर दिवा लावताच ती पडते, आणि मग लोक वैतागून आरसीसीबीच काढून टाकतात. इन्व्हर्टरच्या आणि मेनच्या तारा अशा एकमेकींत मिसळल्या की कोणती तार केव्हा जिवंत होईल याचा भरवसा राहत नाही.

भिंतीला भोक पाडलं ते बाहेरच्या बाजूला उतरतं, म्हणजे पाणी आत न येता बाहेर ओघळेल. तीन गाभ्यांची वायर पीव्हीसी पाइपातून वळचणीखालून न्हाणीपर्यंत गेली, मध्ये एकही जोड नाही. कपड्यांची तार तिथून सोडवून आवळीच्या बाजूला बांधली, आणि आता ती नायलॉनची दोरी आहे. न्हाणीपाशी वायर दिव्याच्या वरून न घालता खाली वाकवून पुन्हा वर चढवली आणि दिव्यात खालून घातली. पाणी वायरीवरून ओघळत त्या वाकापर्यंत येतं आणि तिथून थेंबाथेंबाने गळतं, दिव्यात चढत नाही. वायर आत शिरते तिथे रबरी ग्लँड घट्ट आवळला, आणि भोकाचं बाहेरचं तोंड सिलिकॉनने बंद केलं. ते उघडं राहिलं असतं तर पावसाआधीच एखाद्या कुंभारमाशीने त्यात चिखलाचं घर बांधलं असतं. जुन्या भोकात तसं सापडलंच.

दिवा घेतला तो आयपी ६५. यातला पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही, ५ म्हणजे पाण्याची धार मारली तरी चालेल. छपराखाली आयपी ४४ चालतो, पण कोकणातला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, तिथे ६५ च बरा. कवच भिंतीला टेकतं तिथे वरून आणि दोन्ही बाजूंनी सिलिकॉन लावायचं, खालची कड मोकळी सोडायची. दिवा तापतो, विझल्यावर गार होताना बाहेरची दमट हवा आत ओढतो आणि मागे पाणी साचतं. त्या पाण्याला खाली वाट लागते.

वायर जमिनीतून न्यायची असेल, फाटकापर्यंत किंवा गोठ्यापर्यंत, तर आर्मर्ड केबल साधारण अडीच फूट खोल पुरून वर विटांची ओळ द्यावी, म्हणजे पुढे कुणाचं फावडं लागलं तर आधी विटेला लागेल. दोन झाडांमध्ये वायर ताणणं टाळावं. झाड वाऱ्याने हलतं आणि वायर रोज थोडी थोडी घासली जाते.

शहरातल्या घरांत बाहेरचा दिवा म्हणजे बहुतेकदा आकाशकंदील. खिडकीच्या फटीतून वायर बाहेर काढायची, वर खिडकीची काच ओढून घ्यायची. काचेच्या त्या कडेखाली दर वर्षी त्याच जागी वायर चेपते. ऑक्टोबरात पाऊस येऊन जातो तेव्हा बाल्कनीच्या कठड्याला बांधलेला एक्स्टेंशन बोर्ड भिजतो. बाल्कनीत छताला एक कायमचा पॉइंट काढून घेतला तर हे सगळं टळतं आणि खर्चही फार येत नाही. आपला नेहमीचा पिनांचा होल्डर असेल तर दोन्ही पिना सारख्याच, पण आट्यांचा होल्डर असेल तर फेज तळाच्या मधल्या टोकालाच यायला हवी. आट्यांवर आली तर बल्ब फिरवताना बोट थेट तिला लागतं.

दिव्याचा रंग आईने ठरवला, आणि तो बरोबर ठरवला. दुकानात पांढराशुभ्र ६५०० केल्विनचा दिवा दाखवत होते. तिने पिवळसर मागितला, ३००० केल्विनचा. "पांढऱ्यावर पाकोळ्या फार येतात," ती म्हणाली. ते खरंच आहे. किडे निळ्या आणि अतिनील प्रकाशाकडे जास्त ओढले जातात, पाकोळ्यांमागे पाली येतात, आणि पाली बोर्डात शिरून मरतात. शिवाय मेअखेर ते जून हा आमच्याकडे काजव्यांचा काळ. नर-मादी एकमेकांना चमकून खुणा करतात, आणि माणसांचा भगभगीत उजेड असला की त्या खुणा हरवतात. किनाऱ्यावर, वेळासला जशी ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात तिथे, अंड्यांतून निघालेली पिल्लं उजेडाच्या दिशेने समुद्र शोधतात आणि घरांच्या दिव्यांकडे वळू शकतात. म्हणून दिवा खाली तोंड करून, वाटेपुरता. विहिरीपर्यंतची दहा पावलं दिसली की पुरे.

हे सगळं स्वतः करावं की वायरमनकडून? बल्ब, पंखा, बटण बदलणं सोडलं तर घरातलं वायरिंगचं काम परवानाधारक कंत्राटदारानेच करायचं असा नियम आहे. मी भौतिकशास्त्र शिकलो आहे, तरी जोडपेटीला हात लावला नाही. पण शेजारी उभं राहून विचारायचं मात्र सोडलं नाही. बटण फेजवर आहे ना, न्यूट्रल कुठून घेतली, हिरवी तार दिव्यापर्यंत नेली ना. काकांना या प्रश्नांचा राग आला नाही. उलट प्रत्येक वेळी ते थांबून टेस्टर लावून दाखवत होते.

जाताना त्यांनी आईला आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाखवलं. महिन्यातून एकदा ते दाबायचं. दाबताच खटका पडला पाहिजे. नाही पडला तर ती बिघडली असं समजून लगेच बोलवायचं. आईने विचारलं, "महिन्याची आठवण कशी राहायची?" मग तिनेच ठरवलं, संकष्टीला. चंद्रोदयाची वाट बघत ती मागच्या पडवीत बसलेली असतेच. चंद्र नीट दिसावा म्हणून दिवा विझवायचा असतो. आता ती आधी आत जाऊन टेस्टचं बटण दाबते. सगळं घर एकदम काळोखात जातं, मागच्या दारी फक्त चांदणं उरतं. चंद्राला अर्घ्य देऊन ती परत आत येते आणि खटका वर करते.